विलायतेतील सावित्री

(मंडळाच्या वर्धापनदिनी, वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्षबाई, मंडळाच्या कार्यकर्त्या भगिनी, आणि स्वयंपाक लवकर आटोपून मुद्दाम आलेल्या शेजारणींनो,

चिटणीसबाईंनी मला "संगीतावर काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा त्यांच्या मनात नाट्यगीते किंवा भावगीते असावीत. मी इंग्रजी समूहगायनावर बोलणार म्हटल्यावर त्या जरा गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, पण परभणीत हे कोणाला कळणार?" मी म्हटले, "विषय सावित्रीचा आहे." तेव्हा कुठे त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव घातले.

प्रथम समूहगायन म्हणजे काय ते सांगते. आपणही समूहाने गातोच. आरती म्हणतो, हरिपाठ म्हणतो, एकादशीला भजन करतो. पण त्यात सर्वांची चाल एकच असते. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, एवढाच काय तो फरक. इंग्रजी गायनवृंदात तसे नसते. तिथे उंच आवाजाच्या बायकांची एक चाल, ढाल्या आवाजाच्या बायकांची दुसरी, पुरुषांच्या आणखी दोन, आणि या चारही चाली एकाच वेळी चालतात. तरी गोंधळ होत नाही, कारण कोणता स्वर कोणत्या स्वराशेजारी बसवायचा ते आधी ठरवून, कागदावर लिहून ठेवलेले असते. नुसते बोलून हे समजणार नाही. डावीकडच्या भगिनींनी सा धरावा. उजवीकडच्यांनी ग, मग म, मग पुन्हा ग.

(येथे सर्वांनी दोनदा म्हणून दाखविले. दुसऱ्या वेळी चांगले जमले.)

पाहा, अंगावर काटा आला ना? एवढ्याशा गोष्टीवर त्या लोकांनी केवढाले इमले चढविले आहेत!

इंग्लंडात या प्रकारच्या गाण्याचे वेड जुने आहे. हँडेल नावाचा मूळचा जर्मन संगीतकार लंडनला येऊन राहिला. त्याची 'मसीहा' ही ख्रिस्तचरित्रावरील रचना 1742 साली डब्लिनला प्रथम गायिली गेली आणि अजून गायिली जाते. सॅमसनसारख्या बायबलातील वीरांवरही त्याने अशाच रचना केल्या. यांत वेषभूषा नाही, अभिनय नाही. गाणारे रांगेने उभे राहतात, मागे वाद्यवृंद असतो, आणि कथा सगळी गाण्यातून पुढे जाते. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट शोधायची तर मला गीतरामायण आठवते. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून गदिमा आणि बाबूजींनी वर्षभर छपन्न गाणी ऐकविली, तीही निरनिराळ्या पात्रांच्या तोंडची. फक्त आपल्याकडे चाल एका वेळी एकच.

आता आपल्या माणसाकडे वळते. त्याचे नाव गुस्ताव होल्स्ट. जन्म 1874, चेल्टनहॅम गावी. लहानपणीच आई गेली. दम्याचा विकार, त्यात हाताची नस धरलेली, त्यामुळे पियानोवादक व्हावयाचे राहून गेले. मग ट्रॉम्बोन नावाचे लांबलचक पितळी वाद्य वाजवून पोट भरले आणि पुढे शाळामास्तर झाला. 1905 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1934 पर्यंत, लंडनच्या सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत तो गाणे शिकवीत होता. मीसुद्धा जन्मभर शाळेत मुलींना गाणे शिकविले, तेव्हा या माणसाविषयी मला थोडा पक्षपात आहे हे आधीच कबूल करते. दिवसभर मुलींचे बेसूर सूर लावता लावता स्वतःचे काम रविवारी आणि सुटीत करावयाचे, याचा अर्थ मला कोणी समजावून सांगावयास नको.

या गृहस्थाला तिशीच्या आत आपल्या ग्रंथांची गोडी लागली. भाषांतरे वाचली, पण ती त्याला गाण्याजोगी वाटेनात. म्हणून तो स्वतः संस्कृत शिकावयास गेला. शिकविणाऱ्या होत्या डॉ. मेबल बोड, म्हणजे एक बाई. फार प्रावीण्य मिळविले असे नाही. पण कोश उघडून, एकेक शब्द लावून, त्याने ऋग्वेदातील सूक्तांचे आपल्यापुरते इंग्रजी केले. हिंदुस्थानात मात्र तो कधी आला नाही.

आरंभ त्याने मोठ्या डौलाने केला. इंद्रावर वाद्यवृंदाची रचना केली. मग 'सीता' नावाचे तीन अंकी संगीत नाटक, त्यावर सुमारे सात वर्षे घालविली, स्पर्धेला पाठविले, बक्षीस मिळाले नाही. पुढे तो स्वतःच त्या नाटकातील आरडाओरडीला हसत असे. मेघदूतावरील मोठी समूहरचना 1913 साली लंडनला झाली, तीही लोकांना फारशी रुचली नाही. थोरामोठ्यांचे विषय घेऊन मोठमोठा आवाज केला की काम मोठे होते, असे त्याला तरुणपणी वाटले असावे. आपल्याकडेही कितीक नाटकवाल्यांना तसे वाटलेले आहे.

खरे काम झाले ते लहान वस्तूंत. 1907-08 मध्ये त्याने एका आवाजासाठी नऊ वेदगीते केली. त्यांत उषा आहे, वरुण आहे, मरुत् आहेत, आणि पावसाळ्यात डरावणाऱ्या बेडकांचे मंडूकसूक्तही आहे. मृग कोरडा गेला म्हणजे ते सूक्त आपल्या जिल्ह्यात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. याच नवांत वाक् आणि श्रद्धा ही दोन गीते आहेत. या दोन्ही सूक्तांच्या ऋषी परंपरेने स्त्रिया मानल्या आहेत, वाक् आम्भृणी आणि श्रद्धा कामायनी. वेद बायकांनी ऐकू नयेत असे सांगणारे जे होते, त्यांच्या हे कसे लक्षात आले नाही कोण जाणे.

पाठोपाठ 1908 ते 1912 या काळात गायनवृंदासाठी ऋग्वेदातील सूक्तांचे चार संच झाले. पहिला बायका-पुरुष मिळून वाद्यवृंदासह गावयाचा. त्यात इंद्र-मरुतांचे रणगीत आहे. दुसरा स्त्रियांचा आणि वाद्यवृंदाचा. चौथा पुरुषांचा. आणि तिसरा, मला सर्वांत आवडणारा, केवळ बायकांचे आवाज आणि हार्प, म्हणजे उभी धरून बोटांनी छेडावयाची मोठी वीणाच म्हणा. त्यात उषेचे सूक्त, आपोदेवतांचे सूक्त, वेनाचे सूक्त, आणि वाट चालणाऱ्यांना सांभाळणाऱ्या पूषन् देवाचे सूक्त.

हा तिसरा संच अर्पण केला आहे तो ब्लॅकबर्न गावच्या स्त्रियांच्या गायनवृंदाला आणि त्यांच्या शिक्षकाला. ब्लॅकबर्न म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेकडील कापडगिरण्यांचे गाव. तिथल्या मागांवरची धोतरे त्या काळी हिंदुस्थानात खपत. आपला मुलूख कापसाचा, त्यामुळे मला या गोष्टीचे फार नवल वाटते. आपल्या पणजोबांचे धोतर जिथे विणले गेले असेल, त्या गावी बायका जमून आपल्या उषेचे सूक्त आळवीत होत्या, आणि इकडे आपल्या पणज्यांना ते सूक्त ऐकावयासही मिळत नव्हते. त्यांच्या वाट्याला जाते आणि ओवी. अर्थात ओवीला मी कमी लेखत नाही. गंगाखेडच्या जनाबाईच्या जिल्ह्यात तसे कोण करील?

आता सावित्री. हे एका अंकाचे छोटे संगीत नाटक त्याने 1908 साली लिहावयास घेतले. सगळे मिळून अर्धा तास. पात्रे तीन, सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. वादक अवघे बारा. आणि पडद्याआड, दिसणार नाही असा, बायकांचा एक गायनवृंद. त्याला शब्द नाहीत, नुसता स्वर. प्रथम त्यात पुरुषांचेही आवाज होते, पुढे बायकांचेच ठेवले. हे नाटक उघड्यावर किंवा लहानशा जागेत करावे, पडदा लावू नये, अशी त्याची सूचना आहे. म्हणजे आपल्या मंडळाच्या अंगणातही होईल! पहिला प्रयोग 5 डिसेंबर 1916 रोजी लंडनला झाला. बाहेर पहिले महायुद्ध चालू होते. घरोघर तारा येत होत्या, आणि इथे एक बाई मृत्यूशी बोलत होती.

आपली सावित्री आपणांस वनपर्वातून ठाऊक आहे. नारदांनी वर्षाची मुदत सांगितलेली, तीन दिवसांचे व्रत, आणि मग यमामागून तिची ती चाल. एकेक वर मागत जाते. आधी सासऱ्यांची दृष्टी, मग सासऱ्यांचे राज्य, मग वडिलांना शंभर पुत्र, आणि स्वतःचे मागणे त्यानंतर. सून असावी तर अशी! सर्वांची पाने वाढून झाल्यावर स्वतःचे घेणारी.

होल्स्टच्या नाटकात सासरे नाहीत, राज्य नाही, नारद नाहीत, रेडा नाही, पाश नाही. वडही नाही. अरण्यातील संध्याकाळ, आणि सत्यवान साधा लाकूडतोड्या. मृत्यू येतो. सावित्री त्याला भीत नाही, त्याचे स्वागत करते. तो प्रसन्न होऊन वर देऊ करतो, मात्र सत्यवानाचा प्राण सोडून. आणि ती मागते जीवन. स्वतःसाठी. मृत्यू गोंधळतो. जिवंत तर तू आहेसच, मग आणखी काय मागतेस? तेव्हा ती त्याला जीवन म्हणजे काय ते गाऊन सांगते. नुसता श्वास नव्हे, सगळे भरलेले जीवन. तो तथास्तु म्हणतो. मग ती त्याला बोलण्यात धरते: सत्यवान नसेल तर माझा आवाज मुका, माझे पाय लुळे, मी केवळ आठवणींवर तरंगणारी छाया. मृत्यूला माघार घ्यावी लागते.

भगिनींनो, इथे मला थोडे घरचे बोलावयाचे आहे. माझे यजमान गेले त्याला नऊ वर्षे झाली. त्या वर्षीच्या वटपौर्णिमेला सकाळी गल्लीतल्या सगळ्या जणी फणी-गळसरी, आंबे, सूत घेऊन निघाल्या. मला कोणी वाईट बोलले नाही. नुसते बोलावले नाही, आणि मीही वडाच्या बाजूची खिडकी लावून घेतली. पुढची दोन-तीन वर्षे त्या दिवशी ती तशीच लावलेली असे. मग पुण्याहून मुलीने हे नाटक माझ्या मोबाईलवर पाठविले. होल्स्टच्या मुलीने, इमोजेनने, 1965 च्या सुमारास स्वतः वाद्यवृंद चालवून केलेले ध्वनिमुद्रण. सावित्री गायिली आहे जेनेट बेकर या बाईंनी. आवाज असा की समईची ज्योत.

ती स्वतःसाठी जीवन मागते तिथे मी रडले. लपवीत नाही. मी लहानपणापासून ज्या ज्या देवळात हात जोडले तिथे कोणासाठी तरी मागितले, पण असे कधी मागितले नव्हते.

परंतु त्यापुढच्या जागी होल्स्टशी माझे भांडण आहे. नवऱ्यावाचून आवाज मुका आणि पाय लुळे, हे म्हणणे मृत्यूला फसविण्यापुरते ठीक आहे. खरे मानावयाचे नाही. माझा आवाज गेला नाही. यजमानांनंतर मी सहा वर्षे शाळेत मुलींना गाणे शिकविले, धाकट्याचे लग्न केले, दोनदा पायी पंढरपूरला जाऊन आले. ते आठवत नाहीत असा दिवस जात नाही, आणि तरी मी छाया नाही. मेल्या माणसाला परत आणणे मला जमले नाही, तसे ते या खोलीतील आणखी सात-आठ जणींनाही जमलेले नाही. आम्ही व्रतात कमी पडलो असे तुम्हांपैकी कोणी मनात म्हणत असेल, तर तिने ते आज सोडून द्यावे.

2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. ठराव चांगलाच आहे. पण वटपौर्णिमेच्या सकाळी शेजारणीचे दार वाजवावयाचे की नाही, हे कोणत्याही परिपत्रकाने होणार नाही. म्हणून मी अध्यक्षबाईंना विनंती केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे, की पुढच्या आठवड्यात वडाची पूजा करून येणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोघींनीही दुपारी चारला इथेच जमावे. हळदीकुंकू सर्वांना. ज्यांना लावून घ्यावयाचे नाही त्यांनी नुसते फूल घ्यावे. मी पेटी घेऊन येईन. मघाचा सा आणि ग पुन्हा घटवू, आणि पडद्याआडच्या बायकांची चाल आपणच गाऊन पाहू. शब्द पाठ करावयाचे नसल्यामुळे सबब चालणार नाही.

आज ध्वनिमुद्रण ऐकावयाचे आहे. कोणीतरी पंखा बंद करा, त्याचा आवाज फार येतो. सुरुवातीला वाद्य वाजणार नाही, तंबोऱ्याएवढाही आधार नाही, तेव्हा यंत्र बिघडले असे समजू नका. प्रथम लांबून एका पुरुषाचा आवाज येईल. तो मृत्यू. तो तिला नावाने हाक मारतो. मग ती येते.