खोटी झाडं, खरा जीव: गेकोच्या घरासाठी प्लास्टिकची पानं निवडताना

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युली' बरेचसे काढलेत. काही राहिलेत, चालवून घ्या.)

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल, नाहीतर भांडी घासत ऐकत असाल, तर मस्त. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज आपण झाडांबद्दल बोलणार आहोत, पण खोट्या झाडांबद्दल. आणि त्या झाडांत राहणाऱ्या खऱ्या जिवाबद्दल.

जुन्या श्रोत्यांना माहीत आहे, मी मूळची नाशिकची, बीटेक केलं आणि आता म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करते. माझ्याकडे एक क्रेस्टेड गेको आहे, नाव बंड्या. आईला पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अगं, इथे आम्ही झाडू घेऊन पाली हाकलतो, आणि तू पैसे मोजून पाल घरात आणलीस?" आता तीच रोज विचारते, बंड्या जेवला का.

तर या बंड्याच्या पायाचं एक बोट अर्धं आहे. चूक माझी होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हा भाग.

आधी बंड्याची थोडी ओळख. क्रेस्टेड गेको मूळचे न्यू कॅलेडोनियाचे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात असलेल्या बेटांचे. ही जात नामशेष झाली असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज जगभर लोकांच्या घरात आहेत ते बहुतेक पिंजऱ्यातच पैदास झालेले. हा झाडावर राहणारा, रात्री जागणारा प्राणी. पानांवरचे थेंब चाटून पाणी पितो. डोळ्याला पापणी नाही, म्हणून जिभेने डोळा पुसतो. आपल्या घरातल्या पालीची शेपटी तुटली तर परत येते, याची येत नाही. आणि बोटांच्या खाली बारीक केसांच्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर तो उभ्या काचेवर चालतो. म्हणजे बोट गेलं तर त्याची पकडच कमी होते.

आता गोष्ट. सुरुवातीला मी खरी झाडं लावली होती. म्युनिकचा हिवाळा, दुपारी चारला अंधार, वर ऑफिसच्या कामासाठी आठ-आठ दिवस बाहेर. तीन झाडं मेली. मग म्हटलं, खोटी लावू. घरात गणपतीच्या मखराची हिरवी वेल पडलीच होती. आईने रविवार कारंजाजवळच्या दुकानातून घेऊन पाठवलेली, कापडी पानांची. गणपतीला काय सुंदर दिसली होती! धुतली आणि टांगली टेरॅरियममध्ये. बंड्या लगेच चढला, पानाखाली जाऊन झोपला. मी फोटो काढला, स्टेटस ठेवलं.

पाच-सहा दिवसांनी दिसलं की तो मागचा एक पाय काचेवर नीट टेकत नाहीये. टॉर्च लावून बघितलं तर एक बोट लाल, फुगलेलं. कापडी पानाच्या कडेचा एक धागा सुटला होता, केसाहून बारीक, आणि तो बोटाभोवती गुंडाळला गेला होता. जितका ओढला तितका आवळला गेला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिने भिंगाखाली धागा कापला, औषध दिलं. पण बोटाचं टोक काळं पडलं आणि गळून गेलं. ती म्हणाली, कात नीट निघाली नाही तरी असंच होतं. बोटाभोवती वाळलेल्या कातडीची अंगठी राहते आणि रक्त अडतं. धागा तेच काम जास्त वेगाने करतो.

मला तिने दोष दिला नाही. पण घरी येताना ट्रेनमध्ये तो डबा मांडीवर धरून बसले होते आणि एकच विचार डोक्यात होता: मी त्याच्या घरात काय ठेवतेय हे एकदा बोटाने ओढूनसुद्धा बघितलं नाही. कोड टेस्ट न करता प्रोडक्शनला टाकत नाही आपण. इथे तर जिवंत प्राणी होता.

वेलीत काही खोट नव्हती बरं का. ती मखरासाठी केलेली होती, मखरावर ती उत्तमच. चूक वापरणारीची.

त्यानंतर मी स्वतःसाठी काही टेस्ट ठरवल्या. त्या सांगते.

पहिली, कड आणि धागा. पान कापडी असेल तर कड नखाने खरवडून बघा. धागा सुटला की ते पान बाद. कड वितळवून बंद केलेली किंवा सगळं पानच एकसंध मऊ प्लास्टिकचं असेल तर बरं. मग नायलॉनचा जुना पातळ पायमोजा घ्या आणि सगळ्या पानांवरून फिरवा. माशांची टाकी ठेवणारे लोक माशांचे पंख फाटू नयेत म्हणून हीच युक्ती करतात. मोजा जिथे अडकेल तिथे कातडी, डोळा, काहीही अडकू शकतं. तेवढी कड कापून घासा, नाहीतर पान काढून टाका. पापणी नसलेल्या प्राण्यासाठी टोकदार पान म्हणजे सरळ डोळ्याला धोका.

दुसरी, तार. बऱ्याच खोट्या फांद्यांत आत लोखंडी तार असते. वेल मधूनच कापली की तिचं टोक उघडं पडतं. ते टोचतं, आणि रोज पाणी फवारलं की गंजतं. टोक झाकता येत नसेल तर ती फांदी घेऊ नका.

तिसरी, रंग. पांढऱ्या वाडग्यात गरम पाणी घ्या, झाड रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी पाणी हिरवं झालं तर झाड परत किंवा कचऱ्यात. नाकाला उग्र वास आला तरी तेच. चमकी लावलेलं, रंग फवारलेलं तर घेऊच नका. तुमचा प्राणी त्याच पानावरचं पाणी चाटणार आहे.

चौथी, पान तुटतं का. पानं देठावर नुसती खोचलेली असतात. दोन बोटांनी ओढा. सहज निघालं तर ते प्राण्याच्या पोटात जाऊ शकतं. किड्यावर झडप घालताना तो किडा आणि पान यात फार फरक करत नाही. प्लास्टिक पचत नाही, आतड्यात अडकतं, आणि मग ऑपरेशनची वेळ येते.

पाचवी, उष्णता. दिव्याखाली प्लास्टिक मऊ होतं, वास सोडतं, कापड तर पेटूही शकतं. सिरॅमिकचा हीटर प्रकाश देत नाही, म्हणून तो गरम वाटत नाही, पण त्याचा पृष्ठभाग भयंकर तापतो. जिथे पान येणार तिथे थर्मामीटर ठेवून तासाभराने बघा. क्रेस्टेड गेकोला तसं फार तापमान लागतच नाही, २२ ते २६ अंश पुरे. २८ च्या वर गेलं की मलाच उन्हाळ्यात टेन्शन येतं, कारण इथल्या घरांत एसी नसतो.

सहावी, वजन. मोठा क्रेस्टेड गेको साधारण ३५ ते ५५ ग्रॅमचा, आणि तो चालत नाही, उडी मारतो. रबरी चकतीने काचेला चिकटवलेलं झाड ओलाव्यात हमखास सुटतं, तेही रात्री दोन वाजता. म्हणून भार फांद्यांवर द्या: बांबू, बुचाच्या सालीचे तुकडे. वेल त्यांना प्लास्टिकच्या पट्टीने बांधा आणि पट्टीचं उरलेलं टोक अगदी सपाट कापा. आणि एक गोष्ट लिहूनच ठेवा: टेरॅरियमच्या आत चिकटपट्टी कधीच नाही. कातडी चिकटली तर सोलून निघते.

आता, कोणाला काय चालतं? हा प्रश्न आधी विचारायचा असतो, मी उशिरा विचारला.

क्रेस्टेड गेकोला रुंद पानं आणि भरपूर आडोसा हवा. माझा ठोकताळा सोपा आहे: समोरून बघितल्यावर मागची भिंत दिसत असेल तर झाडं कमी आहेत. लपायला जागा नसलेला प्राणी सतत घाबरलेला राहतो, खाणं कमी करतो. आपल्याला वाटतं, लपला तर दिसणार कसा? उलटं होतं. लपता येतं म्हणूनच तो निवांत बाहेर येतो.

लेपर्ड गेको कोरड्या, खडकाळ प्रदेशातला, जमिनीवर राहणारा. त्याला वेलींचं जंगल नको, बिळं आणि दगडांच्या फटी हव्यात. एखादं खोटं झुडूप आडोशाला चालेल.

व्हेल्ड कॅमेलियन, म्हणजे येमेन आणि सौदीकडचा सरडा, याच्यासाठी मात्र प्लास्टिक विसरा. तो खरोखर पानं खातो. प्लास्टिकचंही चावून बघतो. त्याला खरीच झाडं द्या, तीही खाल्ली तर चालतील अशी.

आणि बेडूक. बेडकाची कातडी पाणी आणि त्यात विरघळलेलं बरंच काही शोषून घेते. म्हणून त्याच्या घरात ठेवायचं झाड धुताना साबणाचा अंशही राहता कामा नये, आणि शेवटचं धुणं क्लोरीन काढलेल्या पाण्याने. पानं मऊ आणि गुळगुळीत, कारण ती कातडी फार नाजूक असते. बेडूक तोंड उघडून झेपावतो, तेव्हा बारीक सुटी पानं अजिबात नकोत.

आता एक खरं सांगते, जे झाडाच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं. खोटं झाड मरत नाही, पण ते कामही करत नाही. खरं झाड हवेत ओलावा सोडतं, मातीतली घाण खतासारखी वापरतं. प्लास्टिकचं नुसतं उभं राहतं. म्हणजे ते काम तुमच्यावर आलं. हिवाळ्यात इथे हीटरने हवा कोरडी ठाक होते, तेव्हा मला संध्याकाळी फवारा मारावाच लागतो. रात्री ओलावा ८० टक्क्यांपर्यंत जाऊ द्यायचा, दिवसा ५० च्या आसपास उतरू द्यायचा. सतत ओलं ठेवलं तर बुरशी.

पानांवरची विष्ठा दिसेल तेव्हा लगेच पुसायची. महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून गरम पाणी, ब्रश, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारं जंतुनाशक, भरपूर धुणं आणि पूर्ण वाळवणं. फिनाईल नाही! आपल्याकडे प्रत्येक गोष्टीला फिनाईल, पण या प्राण्यांना ते विषारी आहे. आणि हे सगळं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करायचं नाही. या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, तो प्राणी ठणठणीत दिसत असला तरी. वेगळी बादली ठेवा, नंतर हात साबणाने धुवा.

नवीन झाडं लावताना सगळं एका दिवशी बदलू नका. आपण सुट्टीवरून परत आलो आणि घरातलं सगळं सामान कोणी हलवलं असेल तर कसं वाटेल? अर्धं आज, अर्धं दोन आठवड्यांनी. आणि दाट पानांत रातकिडे सोडले तर न खाल्लेले रात्रीच काढा. ते झोपलेल्या गेकोला चावतात.

मेसेजमध्ये बरेच जण विचारतात, भारतात काय ठेवता येईल? स्पष्ट सांगते. आपल्याकडचे वन्य सरपटणारे प्राणी घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा ठरू शकतो. स्टार कासव तर 'शुभ असतं' म्हणून लोक सर्रास ठेवतात. ते बेकायदेशीर आहे, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही सर्वात कडक यादीत आहे. परदेशी जातींपैकी ज्या साइट्स कराराच्या याद्यांत आहेत, त्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवर करावी लागते, २०२४ चे नियम आहेत. 'पेपर नंतर देतो' म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. आणि खरं तर घराच्या ट्यूबलाइटजवळची पाल फुकट आहे, बघत बसा. तिला प्लास्टिकचं झाडही लागत नाही.

बंड्या आता मजेत आहे. साडेतीन पायांवर म्हणायला हरकत नाही, पण काचेवर चढतो. ती वेल मी टाकली नाही. या भाद्रपदात ती परत मखरावर लागली, जिथे तिची जागा आहे. टेरॅरियममध्ये आता मऊ प्लास्टिकची चार झाडं, बुचाची साल आणि एक खरा मनी प्लांट आहे, जो अजून तरी जिवंत आहे.

आज घरी गेल्यावर एवढं करा. प्राणी असेल तर टॉर्च घ्या आणि त्याची बोटं मोजा. मग प्रत्येक पान एकदा ओढून बघा. दहा मिनिटं लागतात. मी तीच दहा मिनिटं वाचवली होती.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आईला फोन करा.