भरपाई थांबविण्याचा अधिकार कोणाचा?

(देवपूर, धुळे येथे कामगारांपुढे दिलेले व्याख्यान)



यंत्रमागाचा धोटा उडून कामगाराचा डोळा दुखावतो, जिनिंगच्या रोलरमध्ये बोटे सापडतात. पहिले काही पंधरवडे मालक पैसे देतो. मग एके दिवशी मुनीम निरोप आणतो, "शेठ म्हणतात, आता तू बरा झालास." पैसे बंद होतात, हात मात्र अजून उचलत नाही. कामगार बरा झाला की नाही, हे ठरविण्याचा अधिकार शेठजींना दिला कोणी?

कायद्याने तर दिलेला नाही. कामगार भरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाचा दोष सिद्ध न करताही कामावरील इजेची भरपाई मिळावी, हे त्याचे मूलतत्त्व. यंत्राची झीज मालक उत्पादनखर्चात धरतो. मग माणसाच्या शरीराची झीज त्यातून का वगळावी? ती मालकाने सोसली नाही तर कामगाराचे कुटुंब सोसते, आणि उसनवारीने, मुलाची शाळा सोडवून तिची किंमत मोजते.

मुळात ही भरपाई तुटपुंजीच आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के, तीही जास्तीत जास्त पाच वर्षे. महिना १२,००० रुपये मिळविणाऱ्याच्या हाती पंधरवड्याला ३,००० रुपये पडतात, म्हणजे महिन्याला अर्धाच पगार. राज्य विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला सुमारे ९० टक्के वेतन मिळते. कामगारांची नोंद टाळणारा मालक कोणाचे पैसे वाचवितो, हे या हिशेबावरून उघड व्हावे.

तरीही ही पंधरवड्याची रक्कम मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. ती चालू ठेवणे, वाढविणे, घटविणे वा बंद करणे हा निर्णय भरपाई आयुक्ताचा, असे जुन्या कायद्याच्या सहाव्या कलमात होते. १९२४ च्या नियमांनी तर नेमका हाच अन्याय हेरला होता. प्रकृतीत तसा फरक पडलेला नसताना मालकाने सुरू केलेली भरपाई थांबविली, तर डॉक्टरी प्रमाणपत्रावाचूनही कामगारास फेरविचाराचा अर्ज करता येई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणाने घेतली. आयुक्ताऐवजी तेथे 'सक्षम प्राधिकारी' आला, पण फेरविचाराचा हक्क टिकून आहे. त्यापूर्वीच्या अपघातांचे हक्कही बुडालेले नाहीत.

तेव्हा पैसे थांबताच कामगाराने पहिल्याच आठवड्यात लेखी पत्र देऊन कारण विचारावे आणि पोच घ्यावी. मालकाने स्वखर्चाने वैद्यकीय तपासणीस बोलाविले तर जरूर जावे. नकार दिल्यास भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता स्थगित होतो. मात्र सरकारी रुग्णालयातून आपल्या प्रकृतीचा स्वतंत्र दाखलाही घ्यावा. उपचाराचे कागद, हजेरीची नोंद आणि सोबत्यांची साक्ष सांभाळावी. मूळ दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. थकलेल्या रकमेवर १२ टक्के व्याज मागता येते आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसतो. आधी थोडी रक्कम हातावर ठेवून "यापुढे हक्क नाही" अशा कागदावर अंगठा घेतला असेल, तरी हक्क सोडून देणारा तो करार कायद्याने निरर्थक आहे.

इजा कायमची ठरली तर एकरकमी भरपाई मागावी. ओरिसातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची शक्ती पूर्णपणे गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये मान्य केले. हात किती उरला यापेक्षा त्या हाताने कोणते काम होते, हे पाहिले गेले. विमा योजनेतील कामगाराने मात्र मालकावर दावा न लावता वैद्यकीय मंडळाकडे, आणि तेथे न्याय न मिळाल्यास अपिलात जावे.

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान १३ जणांचा बळी गेला. अशा दुर्घटनेनंतर सरकार जी सानुग्रह मदत जाहीर करते, तिलाच पुष्कळ जण भरपाई समजतात. सानुग्रह म्हणजे कृपा, आणि कृपा थांबली तर दाद मागता येत नाही. भरपाई हे ऋण आहे. मजूर ठेकेदाराचा असला, तरी कारखान्याच्या नेहमीच्या कामात झालेल्या इजेसाठी कारखानदारालाही ते फेडावे लागते.

आता कसोटी राज्य सरकारची आहे. डॉक्टरी प्रमाणपत्राविना फेरविचाराचा अर्ज कोणत्या अटींवर करता येईल, हे ठरविण्याचा अधिकार नव्या संहितेने राज्यांकडे सोपविला आहे. १९२४ साली परक्या सरकारने उघडलेला हा दरवाजा स्वराज्यातील महाराष्ट्राने अरुंद करता कामा नये. तो नियम शब्दशः कायम राहावा, ही मागणी प्रत्येक युनियनने लेखी केली पाहिजे. आणि ज्याचा हात जायबंदी आहे त्याचा अर्ज लिहिण्यास युनियनचा एक माणूस दर आठवड्याला ठराविक वेळी कचेरीत बसला पाहिजे. एवढे काम देवपुरातही सुरू होऊ शकते, आणि त्याला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.