न्यू मॅड्रिडच्या गाळाखालची भेग

भूकंप म्हटलं की जपान किंवा हिमालय आठवतो, म्हणजे भूपट्टांच्या कडा. पण अमेरिकेच्या ऐन मध्यावर, मिसिसिपी नदीच्या सपाट खोऱ्यात, डिसेंबर १८११ ते फेब्रुवारी १८१२ या काळात सातच्या आसपास तीव्रतेचे तीन मोठे धक्के बसले. न्यू मॅड्रिड गाव उद्ध्वस्त झालं, नदी काही काळ उलटी वाहिली आणि टेनेसीत रीलफूट तलाव विस्तारला.

कारण खोल आहे. सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी इथे खंड दुभंगू लागला होता. ते फाटणं अर्धवटच राहिलं. त्या जुन्या खचदरीवर पुढे गाळ साचत गेला. मेम्फिसजवळ तो जवळपास किलोमीटरभर जाड आहे. भेग वरून दिसत नाही, म्हणूनच ती जास्त फसवी. शिवाय ओला, भुसभुशीत गाळ हादऱ्यांनी पातळ होतो आणि वाळूचे फवारे उसळतात. तिथला जुना, थंड खडक कंपनं फार लांबवर नेतो.

किल्लारीच्या भूकंपानेही १९९३ मध्ये हेच दाखवलं: भूपट्टाच्या आतला भाग निर्धोक नसतो. घर बांधताना भूकंपरोधक बांधकामाची माहिती अभियंत्याकडून जरूर घ्या.