धाव एकाची, मान दोघांचा

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले ज्या मॅरेथॉनमध्ये १९वे आले, तिचे आजचे प्रमाणित अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे अदमासे पेणहून वडखळ, नागोठणे ओलांडीत रोह्याच्या कुंडलिका नदीपर्यंतची मजल होय. तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास स्नायूंतील शर्करेचा साठा संपुष्टात येऊ लागतो आणि पाय शिशासारखे जड होतात. अशा समयी वळणावर उभे राहून, मीठ-साखर घातलेल्या लिंबू-सरबताचा पेला पुढे करीत ‘अहो, कुंडलिका आलीच!’ म्हणणारी पत्नी, अथवा धावणाऱ्या पत्नीसाठी पहाटेपासून तिष्ठणारा पती, निम्मी शर्यत मनाने धावतच असतो. त्या घोटाने क्षारांची भरपाई होते, हाकेने धैर्याची. म्हणूनच पदक एकाच्या गळ्यात पडले, तरी त्याचे मानकरी उभयता असतात.