प्रत्येक मुलाची शाळा वेगळी

(धाहरान येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मी शिक्षणतज्ज्ञ नाही. परंतु दवाखान्यात येणारे आपले पालक ताप-खोकल्याचे औषध लिहून घेतल्यावर दुसरा प्रश्न हमखास शाळेचा विचारतात. "डॉक्टर, मुलांना येथेच ठेवावे की गावी आजीकडे पाठवावे?" या प्रश्नातील 'मुलांना' हा अनेकवचनी शब्द मला खटकतो. एकाच आईच्या दोन लेकरांना चष्म्याचा नंबर एक लागत नाही. मग शाळा एकच का लागावी?

शिक्षण हा आपल्या समाजाला मिळालेला आदेश आहे. म्हणूनच गुणपत्रिका ही आपल्याकडे घराण्याची प्रतिष्ठा होऊन बसली आहे. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. समाजाने सत्कार केला आणि केळुस्कर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले. आज तेवढेच गुण आपल्या घरात आले, तर पाहुण्यांना निकाल सांगताना आपला आवाज खाली जाईल! त्याच शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. निवड नाकारली जाणे म्हणजे काय, हे त्यांनी सोसले. आपल्यापुढे निवड आहे. ती मात्र आपण मुलाकडे न पाहता करतो.

येथील पर्याय आपणांस ठाऊक आहेत. दम्मामची भारतीय शाळा १९८२ पासून केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम शिकवीत आली आहे. ब्रिटिश व अमेरिकन पद्धतीच्या शाळा ज्यांची कंपनी शुल्क भरते त्यांनाच सहसा परवडतात. तिसरा पर्याय मायदेशाचा. २०१७ च्या जुलैत कुटुंबातील प्रत्येक अवलंबितामागे दरमहा १०० रियाल कर सुरू झाला आणि २०२० पर्यंत तो ४०० वर गेला. पत्नी व दोन मुले म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. त्या हिशेबाने अनेक घरे दुभंगली. वडील येथे, बाकीचे तेथे. हा निर्णय पगाराने घेतला, मुलाने नव्हे.

ज्या मुलीला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे, तिच्या पालकांनी आठवीतच जागे व्हावे. महाराष्ट्राच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या असतात, आणि त्यांसाठी दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते, थोडे अपवाद वगळता. येथून दहावी झालेल्या मुलीला उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांकडे पाहावे लागते. १९९० पासून बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती आहेत. मात्र त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि राज्याच्या जागांसाठी जातपडताळणीही हवी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आजोबांच्या शाळेच्या दप्तरात सापडतो, धाहरानच्या कपाटात नव्हे. उन्हाळ्याच्या सुटीत लग्ने जरूर उरकावीत, पण एक दिवस त्या शाळेलाही द्यावा.

अभियांत्रिकीचे गणित याहून निराळे आहे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी स्वतंत्र जागा आहेत. म्हणजे थोरली परतणे हिताचे आणि धाकटा येथेच राहणे हिताचे, असे एकाच घरात घडू शकते.

आता मला खरोखर बोलायचे आहे ते मागे पडलेल्या मुलाविषयी. नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे पोटदुखीसाठी आणला गेला. पोट दुखत असे ते शाळेच्या दिवशीच. बहीण वर्गात पहिली. म्हणून त्याला 'आळशी' ठरवून गावच्या वसतिगृहात धाडण्याचे घाटत होते. तोंडी विचारले की तो गुणाकार झटपट सांगे. वाचायला दिले की प्रत्येक ओळीत अडखळे. डोळे तपासले, कान तपासले, रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले. सर्व ठीक होते. पुढे मुंबईत रीतसर चाचणी झाली आणि अध्ययन-अक्षमतेचे निदान झाले. हा बुद्धीचा उणेपणा नव्हे. अशा मुलाला वसतिगृहात पाठविणे म्हणजे त्याचा एकमेव आधार, म्हणजे आई, काढून घेणे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला मान्यता दिली आहे. केंद्रीय मंडळ प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देते. याशिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तेथे पाच वर्षांत नऊ संधींमध्ये एकेक विषय सोडविता येतो. ही परीक्षा 'कमी दर्जाची' असे कुजबुजणारे नातेवाईक भेटतील. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा. तो मुलगा आईजवळच राहिला. प्रश्नपत्रिका त्याला वाचून दाखविली जाऊ लागली, आणि पोटदुखीसाठी तो पुन्हा माझ्याकडे आला नाही.

माझी सूचना इतकीच की शाळा बदलण्यापूर्वी डोळे, कान व रक्त तपासून घ्यावे, शिक्षकांना एकांतात भेटावे, आणि मुलाला विचारावे. पाहुण्यांसमोर नव्हे, गाडीतून जाताना विचारावे, म्हणजे ते खरे बोलते. भोजनानंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना बोलायचे असेल त्यांनी गुणपत्रिका घरीच ठेवावी, मुलाची वही मात्र आणावी.

जयभीम, जय भारत.