शाळांचा हंगाम
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आपण आम्हांस आज्ञा केली. ज्या खेळाचे कोल्हापुरास वेड आहे त्या फुटबॉलविषयी, आणि त्यातही शाळांच्या सामन्यांविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

आपल्या नगरीत फुटबॉल वाढला तो तालमींच्या आश्रयाने. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे लहान पोरासही मुखोद्गत असतात. १९४० साली स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली हे संघ शाहू स्टेडियमवर झुंजतात. पेठेचा हा अभिमान गोड खरा. परंतु त्याचा अतिरेक झाला म्हणजे मैदानावरील चुरस प्रेक्षकांत उतरते व प्रकरण हातघाईवर येते, हेही आपण पाहिले आहे.

शाळांचा हंगाम निराळा. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तिच्यासाठी आपली मुले भर पावसाळ्यात चिखल तुडवितात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढल्यावाचून राष्ट्रीय फेरी दिसत नाही. बाद पद्धतीच्या सामन्यांत ३२ शाळा उतरल्या, तर ३१ सामने होतात आणि ३१ शाळा हरून घरी परततात. मग त्यांच्या हाती उरते काय? आमच्या मते, सोबती उरतो. पेठापेठांच्या सामन्यांत जे समोरासमोर उभे राहतात, त्यांचीच मुले येथे एका शाळेचा सदरा घालून एकमेकांस चेंडू देतात.

दूरच्या आयर्लंडातही हेच दिसते. तेथील हर्लिंग हा काठी व चेंडूचा पुरातन खेळ. १८८४ साली त्याच्या संवर्धनार्थ संस्था निघाली, आणि आर्चबिशप थॉमस क्रोक तिचे आश्रयदाते झाले. तेथे धर्मग्राम हीच बहुधा संघाची पेठ! शेजारचे धर्मग्राम मैदानावर कट्टर वैरी. परंतु त्यांची मुले विद्यालयात एकत्र येऊन, १९४४ साली सुरू झालेल्या शालेय अजिंक्यपदासाठी खांद्यास खांदा लावून खेळतात. त्या अजिंक्यपदाचा चषक डॉ. क्रोक यांच्याच नावाचा आहे.

आपल्या अनिकेत जाधवने २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा सदरा घातला, याचा कोल्हापुरास सार्थ अभिमान आहे. तथापि प्रत्येक मूल तेथवर पोहोचणार नाही, आणि त्यात कमीपणाही नाही.

म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती: पहिला पराभव होताच मुलास संघातून काढू नका. अभ्यासाची वेळ आखून द्या, पण मैदान तोडू नका. आणि सामना पाहावयास याल तेव्हा समोरच्या मुलाच्या सुंदर फटक्यासही टाळी द्या. कारण तालमीचा हंगाम आला की तोच कदाचित आपल्या पेठेकडून खेळेल.