आधी कोपर मोजा, मग ओटा



1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिची पहिली औद्योगिक वसाहत ठरली. इथे लेथवर उभं राहणाऱ्या कुणालाही विचारा. काम कोपराच्या उंचीला हवं आणि लागणारं हत्यार हाताशी हवं, असंच तो सांगेल. त्याच्या घरचा ओटा मात्र गवंडी आपल्या ठरलेल्या मापाने बांधून मोकळा होतो. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरच्या चाळींतून इमारतीत जाणाऱ्या घरांशी मला आज याच विषयावर बोलायचं आहे.

घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा. कोपरापासून चार इंच खाली ओट्याचा दगड यावा. हे माप लादी बसल्यानंतरच्या जमिनीपासून धरायचं. शेगडीची स्वतःची उंची पाच-सहा इंच असते, म्हणून तेवढा भाग आणखी खाली घेतला तर उंच पातेल्यात ढवळताना खांदा भरून येत नाही. सिंक आणि शेगडीच्या मध्ये दोन फूट मोकळा दगड ठेवा. भाजी चिरणं, कणीक मळणं तिथेच होतं. नेमकी तीच जागा मिक्सर आणि पाण्याचं पिंप अडवून बसतात.

1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम सव्वासहा फूट. बाईची पावलं कशी वाचतील याचा हिशेब करून त्यांनी तांदूळ, साखर, पीठ यांचे नावं लिहिलेले खण हाताशी बसवले. एवढ्याशा जागेत स्वयंपाक सुखाचा होऊ शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे साठवण बिघडते ती खोल फडताळांमुळे. दोन फूट खोल कप्प्यात मागचे डबे कुणाच्या हाती लागतात? ओट्याखाली बाहेर ओढता येणाऱ्या ट्रॉल्या घ्या, भिंतीवर एका डब्याच्या रुंदीची उघडी फळी. ट्रॉली सांगण्याआधी घरातला सर्वांत उंच डबा आणि कुकर मोजून घ्या. मे महिन्यात गावाहून तांदूळ, कोकम, पापड येतात. त्यांची जागा माळ्यावर, पण रोजचं काहीही माळ्यावर नको. सिंकखाली भुशाच्या पाट्या वापरू नका, पाणी लागलं की त्या फुगतात. तिथे स्टीलची मांडणीच बरी.

आता सर्वांत धोक्याची चूक. देखणं दिसावं म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो खाली साचतो, आणि वरच्या खिडकीचा तिथे काही उपयोग होत नाही. कपाटाच्या दाराला तळाशी आणि वर जाळी हवीच. सिलिंडर उभा, शेगडीच्या पातळीखाली ठेवायचा. रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचला पाहिजे. शेगडी खिडकीखाली आली तर वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो.

सुतार माप घ्यायला येईल तेव्हा सिलिंडर, पिंप आणि डबे खोलीत प्रत्यक्ष मांडून दाखवा. कॅटलॉग त्यानंतर उघडा.